सापडणं वेगळं, अवतरणं वेगळं: ट्रायलोबाइट, ऑस्ट्रॅकॉड आणि खडकांचं वय

"दोन्ही ठिकाणी एकाच जातीचा ट्रायलोबाइट सापडला, म्हणजे दोन्ही खडक एकाच वयाचे." हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलंय की ते दिसलं की पुढचं वाचायची इच्छाच उडते. साफ चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. पण ते निम्मं बरोबर आहे, आणि म्हणूनच इतकं चिवट आहे. त्यात दोन वेगळी कामं एकात कालवलेली आहेत: खडकांची जुळणी लावणं (इथला कोणता थर तिथल्या कोणत्या थराच्या जोडीचा ते ओळखणं) आणि खडकांचं वय ठरवणं. पहिलं काम जीवाश्म करतात. दुसरं काम तेच करतात असा आपला समज असतो.

ट्रायलोबाइट म्हणजे काय हे सांगत बसत नाही. इथवर आलात म्हणजे समुद्रातल्या त्या नामशेष झालेल्या सांधेपायी प्राण्याचं तीन उभ्या पाळ्यांचं कवच तुम्ही ओळखता. खडकात ते सुमारे 52.1 कोटी वर्षांपूर्वी दिसू लागतं आणि सुमारे 25.2 कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या शेवटी, कायमचं जातं. ऑस्ट्रॅकॉड मात्र थोडा उपरा वाटेल. बहुतेक जाती अर्ध्या ते दोन-तीन मिलिमीटरच्या. दोन झडपांच्या कवचात बंद असलेला हा झिंग्या-खेकड्यांचा लांबचा नातलग आजही समुद्रात, तळ्यात, डबक्यात जिवंत आहे. खोल विहीर खोदताना वर येणाऱ्या खडकाच्या चुऱ्यात ट्रायलोबाइटचा भुगा झालेला असतो, पण त्याच मूठभर चुऱ्यात ऑस्ट्रॅकॉडच्या अख्ख्या झडपा मिळू शकतात. तेलविहिरींवर सूक्ष्मदर्शकाखाली ऑस्ट्रॅकॉड वेचले जातात ते एवढ्याचसाठी.

दोघेही कात टाकत वाढतात. म्हणजे दहा तुकडे सापडले तर दहा प्राणी मेले असं नाही. ऑस्ट्रॅकॉड साधारण आठ वेळा कात टाकतो. एकाच थरात लहान-मोठ्या सगळ्या टप्प्यांच्या झडपा मिळाल्या तर ते प्राणी तिथेच जगले असं मानायला हरकत नाही. एकाच मापाच्या मिळाल्या तर प्रवाहाने त्या चाळून आणून टाकल्या असाव्यात. ही सोय ऑस्ट्रॅकॉडकडे आहे तितकी मोठ्या ट्रायलोबाइटकडे क्वचितच असते.

आता एक खटकणारी गोष्ट सांगून टाकतो: "कँब्रियन ऑस्ट्रॅकॉड". जुन्या याद्यांत हे सर्रास असायचं, आणि अजूनही तिथून उचललं जातं. कँब्रियन, म्हणजे ट्रायलोबाइट पहिल्यांदा दिसतात त्या काळातल्या, खडकांतले ते दोन झडपांचे बारके प्राणी म्हणजे ब्रॅडोरिड आणि फॉस्फॅटोकोपिड. नुसतं कवच हातात असताना त्यांना ऑस्ट्रॅकॉड म्हणणं समजण्यासारखं होतं. पण स्वीडनच्या ऑर्स्टेन चुनखडीत फॉस्फॅटोकोपिडांचे पाय आणि चीनमधल्या चंगजियांगला कुनमिंगेला या ब्रॅडोरिडचे पाय जपलेले मिळाले, आणि ते ऑस्ट्रॅकॉडचे नाहीत हे उघड झालं. कवच सारखं, आतला प्राणी निराळा. खऱ्या ऑस्ट्रॅकॉडची भक्कम नोंद कँब्रियननंतरच्या ऑर्डोव्हिसियन काळापासून सुरू होते. ब्रॅडोरिडही जुळणीला उपयोगी पडतात, काहींचा पसारा तर खंडोखंडी आहे. वापरा खुशाल, पण खऱ्या नावाने.

वर्षांच्या आकड्यांचं थोडक्यात उरकतो. कोणत्याही जीवाश्मावर वय छापलेलं नसतं. 52.1 कोटी वगैरे आकडे येतात ते जीवाश्मांच्या थरांच्या वर-खाली सापडणाऱ्या ज्वालामुखीच्या राखेतून. राखेतल्या झिर्कॉन स्फटिकांत युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजतात. जीवाश्म सांगतो तो क्रम, राख सांगते ती वर्षं. इथे फारसं कुणी अडखळत नाही.

अडखळतात ते पुढच्या पायरीवर.

डोंगराच्या एका कापात तुम्ही खालून वर चढत प्रत्येक थर फोडत जाता. एका थरापासून एक जाती मिळू लागते आणि वर एका थरानंतर मिळेनाशी होते. मधल्या थरांच्या पट्ट्याला त्या जातीचं नाव देतात आणि त्याला झोन म्हणतात. हा झोन खडकाचा तुकडा आहे. तो मीटरमध्ये मोजता येतो, हातोडीने फोडता येतो. तो काळाचा तुकडा नाही. त्याच्या तळाशी जे घडलं ते "ही जाती जगात अवतरली" असं नसून "ही जाती या कापात मला पहिल्यांदा सापडली" एवढंच आहे. पाहुणा घरी आला तो दिवस त्याची जन्मतारीख होत नाही.

जन्म आणि आगमन यांत अंतर का पडतं? जाती एका समुद्रात उपजते आणि दुसऱ्यात पोचायला वेळ लागतो, हे सरळच आहे. पण बहुतेक वेळा कारण याहून साधं असतं. समुद्रतळाचा चिखल त्या प्राण्याला मानवणारा नव्हता. समुद्र उथळ होता, पुढे खोल झाला, आणि खोल पाण्यातली जाती तेव्हा तिथे आली. म्हणजे तुम्ही काळाची सीमा समजून जी रेघ ओढली ती प्रत्यक्षात पाण्याच्या खोलीची रेघ निघते, आणि समुद्र हळूहळू पसरत गेला असेल तर ती रेघ गावागणिक वेगळ्या वयाची असते. कधी प्राणी तिथेच होता, पण कवच विरघळून गेलं. कधी सगळं होतं आणि शोधणाऱ्याने त्या दोन मीटरांतले नमुनेच घेतले नाहीत. हे चौथं कारण कुणी कबूल करत नाही, पण माझ्या मते सर्वांत जास्त वेळा तेच खरं असतं.

ही शंका नवी नाही. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ टॉमस हक्स्लीने 1862 मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीपुढे ती अगदी टोकाला नेऊन मांडली: ब्रिटनमधले डेव्होनियन जीव, उत्तर अमेरिकेतले सिल्युरियन जीव आणि आफ्रिकेतले कार्बोनिफेरस जीव (सिल्युरियन, डेव्होनियन, कार्बोनिफेरस हे एकामागून एक येणारे काळ) एकाच वेळी जगत नव्हते असं जीवाश्मांच्या क्रमावरून सिद्ध करता येत नाही. क्रम सारखा असण्याला त्याने होमोटॅक्सिस हा वेगळा शब्द दिला, एककालिकतेशी गल्लत होऊ नये म्हणून. त्याचं उदाहरण आज कुणी खरं मानत नाही, फरक इतका प्रचंड नसतो. पण प्रश्न चोख होता, आणि शब्द विसरला गेला याचं मला वाईट वाटतं.

प्रत्यक्षात किती घोळ होऊ शकतो ते अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ चार्ल्स वॉलकॉटच्या बाबतीत दिसलं. ट्रायलोबाइट ओळखण्यात त्याचा हात धरणारा माणूस तेव्हा विरळा. तरीही 1880 च्या दशकात त्याने उत्तर अमेरिकेच्या कँब्रियनचा क्रम उलटा लावला होता: पॅरॅडॉक्सिडीस खाली, ओलेनेलस वर (दोन्ही ट्रायलोबाइटच). ओळख चुकली नव्हती. दोघे वेगवेगळ्या प्रदेशांत सापडत होते, आणि एकाच कापात एकावर एक पाहायला मिळालेच नव्हते. स्कँडिनेव्हियात मात्र ओलेनेलस गटाचे ट्रायलोबाइट पॅरॅडॉक्सिडीसच्या खाली मिळत होते. 1888 मध्ये वॉलकॉटने कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या मॅन्युएल्सचा काप पाहिला, तिथेही तोच क्रम निघाला, आणि त्याने आपली मांडणी फिरवली. क्रम ठरतो तो थरांवरून. जीवाश्म तो क्रम दुसऱ्या गावी वाहून नेतो, स्वतः ठरवत नाही.

न्यूफाउंडलंडच याच गैरसमजाची उलटी बाजूही दाखवतं. बेटाच्या पश्चिमेला एका तऱ्हेचे कँब्रियन ट्रायलोबाइट, पूर्वेला दुसऱ्याच. "जीव वेगळे, म्हणजे काळ वेगळा" म्हणावं तर तसंही नाही. वयं जुळतात. ते वेगवेगळ्या समुद्रकाठांवर राहत होते आणि मधला समुद्र नंतर मिटला. कॅनडाचा भूभौतिकशास्त्रज्ञ टुझो विल्सन याने 1966 मध्ये अटलांटिकच्या आधी तिथे आणखी एक महासागर होऊन गेल्याचं मांडलं, त्यात हे ट्रायलोबाइटही साक्षीला होते. जुळणीच्या दृष्टीने जो दोष, तोच भूगोलाच्या दृष्टीने पुरावा.

मग काळाची सीमा ठरवायची कशी? आज उत्तर असं आहे: जगातला एक काप निवडायचा, त्यातल्या एका थरावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, सीमा इथे. जीवाश्म ही त्या जागेची खूण, सीमा नव्हे. कँब्रियनचा तळ 1992 मध्ये न्यूफाउंडलंडच्या फॉर्च्यून हेड इथे ट्रेप्टिक्नस पेडम या बिळाच्या ठशावरून ठरला. पुढे 2001 मध्ये तसेच ठसे त्या रेषेच्या चारेक मीटर खालीही सापडल्याचं प्रसिद्ध झालं. रेषा हलली का? नाही. जे लोक सीमा म्हणजे जीवाश्माचं पहिलं सापडणं असं समजतात त्यांना हे लबाडीचं वाटतं. मला ते प्रामाणिक वाटतं: खूण डळमळली तरी जागा जिथल्या तिथे.

लक्षात घ्या, ते बीळ ट्रायलोबाइटचं नाही. कँब्रियनचा तळ सुमारे 53.9 कोटी वर्षांचा, म्हणजे ट्रायलोबाइटशिवायचा कँब्रियन पावणेदोन कोटी वर्षांचा आहे. वरची, ऑर्डोव्हिसियनची सीमाही कोनोडॉंटवर, म्हणजे दातांसारख्या सूक्ष्म जीवाश्मांवर, बसवली आहे. तेव्हा "ट्रायलोबाइट नाही, म्हणून कँब्रियन नाही" हा निष्कर्ष कृपा करून काढू नका.

ट्रायलोबाइटांवर माझा राग आहे असं समजू नका. मधल्या आणि वरच्या कँब्रियनमध्ये त्यांच्या, विशेषतः अ‍ॅग्नॉस्टिडांच्या तोडीचं दुसरं काही नाही. अ‍ॅग्नॉस्टिड म्हणजे काही मिलिमीटरचे, बहुतेक बिनडोळ्यांचे, डोकं कुठलं आणि शेपूट कुठली असा प्रश्न पडावा असे प्राणी. ते अस्सल ट्रायलोबाइट आहेत का यावर वाद आहे, जुळणीला त्याने फरक पडत नाही. खुल्या समुद्रात ते दूरवर पसरले आणि जाती भराभर बदलल्या. ग्लिप्टॅग्नॉस्टस रेटिक्युलेटस ही जाळीदार नक्षीची जाती आशिया, ऑस्ट्रेलिया, उत्तर अमेरिका, युरोप, अगदी अंटार्क्टिकातही मिळते. हुनान प्रांतातल्या पाइबी इथे तिच्यावरून 2003 मध्ये कँब्रियनच्या पाइबियन टप्प्याचा तळ ठरला. आणि त्याच सुमारास खडकांतल्या कार्बनच्या समस्थानिकांचं प्रमाण एकदम चढू लागतं. हा चढ दूरदूरच्या खंडांवर सापडतो आणि त्याला कोणत्याही प्राण्याच्या चालीशी देणंघेणं नाही. जाती आणि कार्बन दोन्ही एकाच पातळीवर बोट ठेवतात तेव्हा मी "एककालिक" हा शब्द वापरतो, त्याआधी नाही.

ओरिक्टोसेफॅलस इंडिकसचंही असंच. ती जाती 1910 मध्ये रीडने हिमालयातल्या स्पितीतून वर्णिली, नावात भारत आहे, आणि तिच्यावरून 2018 मध्ये वूलियन टप्प्याचा तळ ठरला तो चीनच्या ग्वेजौमध्ये. स्पितीत जाती आहे म्हणून स्पितीतला तिचा तळाचा थर आपोआप वूलियनचा तळ होत नाही. तो त्याच्या जवळपास कुठेतरी आहे, आणि "जवळपास" किती हे सांगणं हेच तर काम आहे.

ऑस्ट्रॅकॉडची गत याच्या उलट. तळाशी राहणाऱ्या ऑस्ट्रॅकॉडचं पिल्लू अंड्यातून निघतं ते दोन झडपांसकटच. पाण्यावर तरंगत दूर जाणारी अळी त्यांच्यात नाही. त्यामुळे ऑर्डोव्हिसियन ऑस्ट्रॅकॉड आपापल्या समुद्रात अडकलेले असतात. बाल्टिकच्या एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत जुळणी लावायची तर मी ट्रायलोबाइट बाजूला ठेवून तेच घेईन: संख्येने भरपूर, बारीक फरकाचे. महासागर ओलांडायचा तर तेच कुचकामी. सिल्युरियनमध्ये काही मायोडोकोप ऑस्ट्रॅकॉड तळ सोडून खुल्या पाण्यात पोहू लागले, तिथून पुढे त्या गटावर थोडा जास्त भरवसा ठेवता येतो.

आणखी एक: झोनच्या वरच्या टोकावर जुळणी करू नका. शेवटचा सापडलेला प्राणी हा शेवटचा प्राणी नसतो. दुर्मीळ जाती खडकात खऱ्या अंताच्या बऱ्याच आधी संपल्यासारखी दिसते, हे सिग्नर आणि लिप्स यांनी 1982 मध्ये नीट दाखवून दिलं. पहिल्या सापडण्यालाही हाच रोग आहे, उलट दिशेने. म्हणून एका जातीवर विसंबण्यापेक्षा चार-पाच जातींचा क्रम जुळतो का ते पाहावं.

सगळ्यात पहिल्या ट्रायलोबाइटांपाशी तर अजून गाडं अडलेलं आहे. सायबेरियातला प्रोफॅलोटॅस्पिस, मोरोक्कोतले, चीनमधले, सगळे 52 कोटींच्या आगेमागे, सगळे वेगळे, आणि यांतला कोण कुठे आधी याचा निकाल नाही. कँब्रियनच्या तिसऱ्या टप्प्याचा तळ पहिल्या ट्रायलोबाइटवर बसवावा असं पुष्कळांना वाटतं, पण कुठल्या कापातल्या पहिल्यावर हे ठरत नाही. म्हणून त्या टप्प्याला अजून नाव नाही, नुसता "स्टेज 3" असा आकडा आहे.