जबड्याची रुग्णानुरूप रोपणे

जबड्याची रुग्णानुरूप रोपणे : कर्करोग, अमेलोब्लास्टोमासारखी गाठ, हाडातील जुनाट जंतुसंसर्ग, किरणोपचारांमुळे मृत झालेले हाड, अपघात किंवा जन्मजात व्यंग यांमुळे जबड्याचा भाग गमावलेल्या एकाच रुग्णाच्या मापाने आधी घडवून मग शस्त्रक्रियेत बसवलेली रोपणे. शल्यचिकित्सकांच्या बोलण्यात ‘कस्टम इम्प्लांट’ किंवा ‘पीएसआय’ (पेशंट-स्पेसिफिक इम्प्लांट) हे शब्द रुळले आहेत. बहुतेक रोपणे टायटॅनियमची असतात, काही ‘पीक’ (PEEK) या बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची. धातूची तयार पट्टी शस्त्रक्रियेच्या टेबलाशी वाकवून हाडाला बसती केली, तर ते रुग्णानुरूप रोपण ठरत नाही. आकार आधी ठरलेला असणे हे त्याचे लक्षण होय.

वैद्यकीय उपकरणांच्या आंतरराष्ट्रीय नियामक मंचाने २०१८ मध्ये केलेल्या व्याख्यांत एक बारीक भेद आहे. बाजारातील कोणत्याही उपकरणाने ज्याची गरज भागत नाही अशा एका रुग्णासाठी, डॉक्टरांच्या लेखी मागणीवरून व त्यांनी दिलेल्या रचनेनुसार केलेले उपकरण एका वर्गात येते. उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर, आधी तपासून ठेवलेल्या मर्यादांत राहून रुग्णाच्या स्कॅनशी जुळवलेले उपकरण दुसऱ्या वर्गात येते. आज बसवली जाणारी जबड्याची बहुसंख्य रोपणे दुसऱ्या वर्गात मोडतात. सैल बोलण्यात मात्र सगळ्यांनाच ‘कस्टम’ म्हटले जाते. या नोंदीत दोन्ही वर्ग धरले आहेत.

उगम : या रोपणांचा आरंभ कोठून मानावा याविषयी एकमत नाही. काही लेखक फ्रान्समधील ल्यों येथील दंतवैद्य क्लोद मार्तँ यांच्यापर्यंत मागे जातात. जबडा कापताच जखमेत बसवायच्या कठीण रबराच्या भागांचे वर्णन त्यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले. पण ते भाग जखम भरेपर्यंतचे होते. नंतर ते काढून कायमचे कृत्रिम दंतसाधन बसवले जाई. शरीरात कायम राहणारे रोपण या अर्थाने त्यांना पूर्वज म्हणणे ओढूनताणून वाटते.

दुसरा पक्ष स्वीडनचे गुस्ताव डाल यांच्यापासून आरंभ धरतो. बहुधा १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांनी हिरडीखाली, हाडाच्या पृष्ठावर टेकणारी धातूची चौकट वापरली. अमेरिकेत गर्शकॉफ आणि गोल्डबर्ग यांनी त्या दशकाच्या अखेरीस हे तंत्र पुढे नेले, आणि १९५० च्या सुमारास उघड्या हाडाचाच साचा घेण्याची रीत पडली. पहिल्या शस्त्रक्रियेत हिरडी उलगडून हाड उघडे करायचे, त्यावर ठसा घेण्याचा मऊ लगदा दाबून धरायचा, तो घट्ट झाला की अलगद उचलायचा आणि हिरडी टाके घालून मिटवायची. त्या ठशावरून कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची जाळीदार चौकट ओतली जाई. काही आठवड्यांनी तीच हिरडी पुन्हा उघडून चौकट हाडावर ठेवत. तिचे सहसा चार खुंट तोंडात वर येत आणि त्यांवर कवळी बसे. रुग्णाला एका रोपणासाठी दोनदा चिरफाड सोसावी लागे. खुंटांच्या कडेने जंतू आत शिरत, चौकटीभोवती तंतुमय ऊतक साचे, खालचे हाड झिजे. पेर-इंगवार ब्रानेमार्क यांनी १९६५ मध्ये गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाला हाडाशी थेट जुळणारे टायटॅनियमचे स्क्रू बसवले. १९८२ च्या टोराँटो येथील दंतरोपणविषयक परिषदेनंतर हे स्क्रू जगभर पसरले आणि डाल यांची चौकट मागे पडली. ब्रानेमार्क यांचे स्क्रू ठरावीक मापांचे होते. या नोंदीच्या विषयाशी त्यांचा संबंध धातूपुरता व हाडाशी होणाऱ्या जोडणीपुरता आहे.

तिसरा पक्ष स्कॅनपूर्व काळ विचारातच घेत नाही. त्यांच्या मते गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्राने १९७१ मध्ये पहिल्या रुग्णाचे चित्रण केले आणि चार्ल्स हल यांना १९८६ मध्ये त्रिमितीय छपाईचे पेटंट मिळाले, तेव्हा कोठे हा विषय शक्य झाला. १९९० च्या दशकाच्या मध्यास जर्मनीतील बोखुम येथील गटाने सीटीच्या माहितीवरून कवटीसाठी टायटॅनियमची रोपणे घडवली. वृत्तपत्रांनी मात्र २०११ साली नेदरलँड्समध्ये झालेल्या शस्त्रक्रियेलाच ‘पहिली’ ठरवले. ८३ वर्षांच्या एका स्त्रीचा जुनाट संसर्गाने नासलेला खालचा जबडा तेव्हा संपूर्ण बदलण्यात आला. रक्तवाहिन्यांसह दुसरीकडचे हाड आणून जोडण्याची लांबलचक सूक्ष्मशस्त्रक्रिया त्या वयात धोक्याची होती. लेझरने टायटॅनियमची भुकटी वितळवून बेल्जियममध्ये छापलेल्या, जैवसिरॅमिकचा थर दिलेल्या या जबड्याचे वजन १०७ ग्रॅम होते. नैसर्गिक जबड्याहून ते सुमारे ३० ग्रॅम जास्त असल्याचे सांगण्यात आले. छापलेला पहिला पूर्ण खालचा जबडा म्हणून त्याचे महत्त्व आहे. पहिले रुग्णानुरूप रोपण म्हणून नव्हे.

या तीन मतांत डाल यांच्यापासूनची परंपरा अधिक ग्राह्य वाटते. याच माणसाच्या हाडाचा आकार घेऊन मग धातू घडवायचा हे तत्त्व तेथे पूर्णपणे आहे. स्कॅनने वाचवली ती ठशासाठीची पहिली शस्त्रक्रिया. २०१७ च्या सुमारास बेल्जियमचे मॉरिस मोमार्ट्स यांनी झिजलेल्या वरच्या जबड्यासाठी छापील टायटॅनियमची हाडावर टेकणारी रोपणे मांडली, हेही या मताला पोषक आहे.

घडण : सीटीच्या १ मिमी किंवा त्याहून पातळ छेदचित्रांवरून हाडाचे त्रिमितीय प्रारूप करतात. गाठीने आकार बिघडला असल्यास निरोगी बाजूची आरशातली प्रतिमा पलीकडे बसवतात. मग शल्यचिकित्सक आणि अभियंता पडद्यावर एकत्र बसून हाड कोठे कापायचे त्या रेषा ठरवतात. छपाईत टायटॅनियम, ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम यांच्या मिश्रधातूची भुकटी आरगॉन वायूत लेझरने थरावर थर वितळवतात. थराची जाडी साधारण ३० ते ६० मायक्रोमीटर असते. नंतर उष्णतेने धातूतील ताण काढतात. जेथे तोंडातील अस्तर टेकेल तेथे पृष्ठभाग घोटून गुळगुळीत करतात. हाडाला भिडणारा भाग खरखरीत ठेवतात.

रोपणाइतकेच महत्त्व कटिंग गाइडला आहे. हाडावर एकाच जागी बसेल असा हा साचा असतो. त्यात करवतीसाठी फट आणि ड्रिलसाठी नळ्या असतात. हाड अखंड असतानाच या नळ्यांतून भोके पाडतात, मग फटीतून हाड कापतात. पुढे रोपण ठेवले की त्याची भोके हाडातील भोकांवर येतात आणि जबड्याची दोन टोके मूळ अंतरावर परत येतात. दातांची मुळे आणि खालच्या ओठाला संवेदना देणारी नस टाळून या जागा आधीच आखलेल्या असतात. सारी अचूकता या भोकांवर तोललेली असते. गाइड एका बाजूला किंचित उचललेले राहिले, तर पुढचे सगळेच चुकते.

हाड व धातू : नुसत्या धातूने मोठी पोकळी भरून काढणे टिकाऊ ठरत नाही. टायटॅनियमच्या या मिश्रधातूचा स्थितिस्थापकता गुणांक (ताठरपणाचे माप) सुमारे ११० गिगापास्कल, तर जबड्याच्या कठीण हाडाचा त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाइतका. त्यामुळे भार धातू उचलतो, शेजारचे हाड निष्क्रिय होऊन विरळ होते आणि स्क्रू ढिले पडतात. म्हणून आजचे रुग्णानुरूप रोपण बहुधा जिवंत हाडाला सांभाळणारी पट्टी असते. फिब्युला, म्हणजे नडगीशेजारचे बारीक हाड, रक्तवाहिनीसह स्थलांतरित करण्याची रीत इयन टेलर यांनी १९७५ मध्ये पायासाठी वर्णिली. डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये ती जबड्यासाठी वापरली. घोट्याजवळचे ६ ते ८ सेंमी हाड राखून उरलेल्याचे गाइडने तुकडे करतात आणि पट्टीवर जबड्याच्या वळणात जोडतात. हनुवटीचा मधला भाग गेलेला असेल तर केवळ धातू बसवणे विशेष घातक असते: जिभेचा आधार जातो आणि पट्टीवरची त्वचा ताणाने फाटते.

मर्यादा : रोपण कितीही तंतोतंत असले, तरी त्यावर रक्तपुरवठा असलेले मऊ ऊतक पुरेसे नसेल तर धातू उघडा पडतो. किरणोपचार झालेल्या जागी हा धोका वाढतो. स्कॅन आणि शस्त्रक्रिया यांच्या दरम्यान गाठ वाढली, तर ठरवलेली कापाची रेषा अपुरी पडते. अशा वेळी रोपण बाजूला ठेवून हाताने वाकवायची पट्टी वापरावी लागते. ती पट्टी टेबलावर तयार नसेल तर नियोजन अपुरे समजावे. रोपण बसावे म्हणून गाठीभोवतीचे हाड गरजेपेक्षा कमी कापणे ही अक्षम्य चूक आहे.

जबड्याचा सांधा : येथे खोबणीकडे (कवटीच्या बाजूस) अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन आणि गोलकाकडे (जबड्याच्या बाजूस) कोबाल्ट-क्रोमियम-मॉलिब्डेनम वापरतात. टेफ्लॉनचा थर असलेल्या जुन्या सांधारोपणांचे कण सुटून हाड पोखरले गेल्याने १९९० च्या सुमारास अमेरिकेत ती वापरातून काढण्यात आली. त्यानंतर पदार्थनिवड कडक झाली. रुग्णानुरूप सांध्याला तेथे १९९९ मध्ये मान्यता मिळाली. वाढत्या वयातील मुलांत तो सहसा टाळतात, कारण धातू मुलाबरोबर वाढत नाही. बरगडीचे कूर्चेसह हाड अशा मुलांत अजूनही वापरले जाते.