अंकुरपेटी: दहा दिवसांचा वाटाणा एका मिनिटात

नमस्कार. तुम्ही आमच्याकडून अंकुरपेटी नेली असेल किंवा नेण्याच्या विचारात असाल, तर हे पत्रक एकदा निवांत वाचा. अंकुरपेटी म्हणजे एक लाकडी पेटी: आत करवंटीतल्या मातीत वाटाणा लावायचा, समोर जुना फोन बसवायचा, आणि त्यानं ठराविक अंतरानं काढलेले फोटो जोडून वाटाण्याच्या वाढीची छोटी फिल्म करायची. पेटीतलं लाकूड, कापड, करवंटी, दिवा, सगळं कुणीतरी वापरून टाकलेलं आहे. नवीन आहेत ते फक्त वाटाणे. ते तुमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळतील. दिव्याखाली दहा दिवस पेटी ठेवलीत, की फिल्ममध्ये वाटाणा माती फोडून वर येताना, मान उचलताना, आधार चाचपताना दिसतो. हे तो एरवीही करतच असतो, पण इतक्या सावकाश, की आपण शेजारून दहादा गेलो तरी कळत नाही.

ही पेटी बडोद्यातच सुचली याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० साली, इथे कलाभवन सुरू झालं. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर त्याचे प्रमुख. धुंडिराज गोविंद फाळके तिथे शिकले. पुढे १९१२ साली दादासाहेब लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. सिनेमासाठी पैसा उभा करायचा होता आणि लोकांना पटवायला हातात काहीच नव्हतं. तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, कॅमेरा समोर रोवला आणि थांबून थांबून एकेक चौकट (फ्रेम) घेत त्याचा वेल होईपर्यंतची वाढ टिपली. ‘अंकुराची वाढ’ हे त्या छोट्या फिल्मचं नाव. ती पाहून पैसे लावणाऱ्यांचा विश्वास बसला आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. राजे, राण्या, युद्धं, ट्रिक सीन हे सगळं नंतरचं. दांडिया बाजाराकडून कलाभवनाच्या इमारतीवरून जाताना आम्हाला दरवेळी तो वाटाणा आठवतो.

लाकूड कुठून आलं

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, ते दिवस तुम्हीही विसरला नसाल. पाणी ओसरल्यावर नदीकाठच्या सोसायट्यांबाहेर भिजलेल्या सामानाचे ढीग लागले होते. प्लायवूडची कपाटं पापडासारखी फुगून सुटली होती, त्यांचं काही होण्यासारखं नव्हतं. पण मध्येच एखादं आजीच्या लग्नातलं सागवानी कपाट, देव्हाऱ्याचा पाट, पलंगाचे खूर असायचे. सागाला काही झालं नव्हतं, फक्त चिखल बसला होता. माझे यजमान सुतारकाम करतात. त्यांनी ते लोकांना विचारून, रीतसर मागून आणलं, चार महिने सावलीत वाळवलं आणि मग रंधा लावला. पहिल्या चाळीस पेट्या त्याच लाकडाच्या. काही फळ्यांवर पाण्याची रेघ अजून दिसते. ती आम्ही मुद्दाम घासून काढली नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं, अशा काही ग्राहकांनी रेघ असलेलीच पेटी मागून नेली.

आता लाकूड जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीतून आणि भंगारवाल्यांकडून येतं. जुना ऑइलपेंट चढलेलं लाकूड आम्ही घेत नाही. त्या रंगात शिसं असू शकतं, आणि घासताना उडालेली धूळ मुलांच्या नाकातोंडात जाते.

पेटीच्या मागच्या बाजूला ताणून लावलेलं कापड जुन्या सुती साडीचं आहे. गडद आणि साधं, कारण मागे नक्षी असली की डोळा अंकुरावर ठरत नाही आणि मागे पांढरं असलं तर फोन सगळंच काळपट टिपतो. काही पेट्यांना खालच्या कडेला काठाची एक पट्टी येते, तेवढीच हौस. तुमच्या आईची किंवा आजीची साडी लावायची असेल तर आणून द्या. त्याचे वेगळे पैसे नाहीत, उरलेला कपडा परत मिळेल.

वेलाच्या आधाराच्या काड्या उत्तरायणातल्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या आहेत. १४ आणि १५ जानेवारीनंतर अगाशीवर (गच्चीवर), झाडांवर, तारांवर पतंगांचे सांगाडे लटकलेले असतात. त्यातली बांबूची कामटी चिवट आणि हलकी असते, वाटाण्याच्या तंतूला धरायला अगदी नेमकी. अगाशीवर आणि ओट्यावर पडलेले पतंग मुलं गोळा करून आणतात. मांजा मात्र आम्ही कशालाच वापरत नाही. काचेच्या त्या दोऱ्यानं किती पाखरांचे पंख कापले जातात ते इथे दरवर्षी दिसतं. मुलांनाही सांगून ठेवलंय, दोरा दिसला तर हात लावू नका, मोठ्या माणसाला बोलवा.

पाणी घालू नका

सगळ्यांत जास्त प्रश्न याच मुद्द्यावर येतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिल्या प्रयोगात मी रोज सकाळी वाटाण्याला पाणी घालत होते. कितीही जपून घातलं तरी करवंटी केसभर सरकायची. दहा दिवसांनी फिल्म लावली तर अंकुर दर दोन-चार सेकंदांनी झटका बसल्यासारखा उडत होता. दहा दिवस गेले, पुन्हा लावला, पुन्हा तेच. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “अगं, निरांजनाला कुणी वरून तेल पाजतं का? वात आपली आपण ओढून घेते.”

तेव्हापासून प्रत्येक करवंटीला तळाशी भोक असतं, त्यातून जुन्या धोतराची पिळलेली वात खाली काचेच्या बाटलीत उतरते. बाटली भरली की माती आपोआप ओलसर राहते. सुरुवातीला वात पूर्ण भिजवून मगच मातीत घाला. कोरडी वात पाणी ओढत नाही. बाटलीत पाणी कमी झालं तर मागच्या फटीतून नळीनं भरा, करवंटीला स्पर्श न होता. दहा दिवस पेटीला कुणी हात लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा. धुणीभांड्यांच्या मावशींनाही.

फोन

नवा फोन किंवा कॅमेरा घेऊ नका. बहुतेक घरांच्या खणात एक जुना फोन पडलेला असतोच. काच तडकलेली असली तरी चालेल, कॅमेऱ्याची भिंगाची जागा शाबूत हवी. त्याचं सिमकार्ड काढा, एअरप्लेन मोड लावा, चार्जर जोडूनच ठेवा. एकच गोष्ट तपासा: मागचं झाकण फुगल्यासारखं दिसत असेल तर तो फोन वापरू नका आणि चार्जही करू नका. आत बॅटरी फुगलेली असते, ती पेट घेऊ शकते. असा फोन ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्या, पस्तीवाल्याकडे (रद्दीवाल्याकडे) नाही.

फोन पेटीतल्या खाचेत बसवल्यावर अंकुर जिथे येणार त्या जागेवर स्क्रीनवर बोट दाबून धरा. बहुतेक फोनवर कुलपाचं चिन्ह येतं. याने फोकस आणि उजेड दोन्ही बांधले जातात. हे केलं नाही तर फोन दर फोटोला उजेडाचा नवा हिशेब करतो आणि फिल्म लुकलुकत राहते. तुमच्या फिल्मा बिघडल्या म्हणून आमच्याकडे जे फोन येतात, त्यांतल्या बहुतेकांचं कारण हेच निघतं.

फोटो ठराविक अंतराने काढणारं ॲप टाकून घ्या. फोटोचा आकार लहान ठेवा. फुल एचडी फिल्मच्या एका चौकटीला साधारण वीस लाख ठिपके (पिक्सेल) लागतात, त्यापेक्षा मोठे फोटो साठवून फोन भरून जाण्यापलीकडे काही मिळत नाही.

आता हिशेब. फिल्ममध्ये एका सेकंदाला २५ चौकटी धरा. दहा दिवसांत १४,४०० मिनिटं असतात. दर दहा मिनिटांनी एक फोटो घेतला तर १,४४० फोटो होतात, म्हणजे सत्तावन्न सेकंदांहून थोडी मोठी फिल्म. दर पाच मिनिटांनी घेतलात तर जवळपास दोन मिनिटांची. आमचा आग्रह पाच मिनिटांचा आहे, आणि तो फिल्म लांबावी म्हणून नाही. वाटाण्याचा शेंडा सरळ वर जात नाही, तो जाता जाता गोल फिरतो. आधार सापडेपर्यंत त्याचे तंतूही असेच हवेत घिरट्या घालतात. चार्ल्स डार्विननं हे काचेवर ठिपके मांडत मांडत पाहिलं होतं. फोटो फार अंतरानं घेतले तर वाढ दिसते, पण हे चाचपणं निसटतं. पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये तंतू काडीला लागतो आणि पुढच्या काही चौकटींत तिला विळखा घालतो. तो क्षण पाहताना शाळेतली मुलं ओरडतात. मोठी माणसं गप्प होतात.

दिवा ५ वॅटचा एलईडी आहे, तुपाच्या रिकाम्या डब्यात बसवलेला. रात्रंदिवस चालू ठेवा. दहा दिवसांत सगळी मिळून १.२ युनिट वीज लागते. वीज गेली तर तेवढ्या चौकटी काळ्या येतात, नंतर काढून टाकता येतात. खिडकीचं ऊन मात्र पेटीवर पडू देऊ नका.

कुठल्या दिवसांत काय लावावं

वाटाणा थंडीतला. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत तो जोमानं येतो. उन्हाळ्यात बडोद्याच्या उकाड्यात वाटाण्याचा हट्ट धरू नका, चवळी किंवा मूग लावा. त्यातही एक गंमत आहे. वाटाण्याच्या दोन डाळी मातीतच राहतात आणि नुसता कोंब वर येतो. चवळी मात्र मान वाकवून, दोन्ही डाळी पाठीवर घेतल्यासारखी माती उचलत वर येते आणि मग सरळ होते. ज्यांनी दोन्ही फिल्मा केल्या त्यांच्यातले बरेच जण चवळीचीच पुन्हा पाहतात. पावसाळ्यात पेटीबाहेर दोडका किंवा कारलं लावा, त्यांचे तंतू स्प्रिंगसारखे गुंडाळतात.

दाणे अख्खे घ्या, डाळ उगवत नाही. रात्रभर भिजवा, बोटाच्या एका पेराइतके खोल लावा, आणि तीन दाणे लावा. एखादा रुसतोच.

पेटीबाहेर

चावीचा जुना किचन टायमर आम्ही फिरत्या स्टँडमध्ये बसवून देतो. तो तासाला एक पूर्ण फेरा घेतो, म्हणजे मिनिटाला सहा अंश. त्यावर फोन ठेवला की आभाळ सरकताना नजरही सावकाश वळते. ढगांसाठी दर चार सेकंदांनी फोटो घ्या. वीस मिनिटांत ३०० फोटो, बारा सेकंदांची फिल्म. पाऊस येण्याआधी पूर्वेला पावागडाच्या बाजूनं ढग चढतात, तेव्हा उंच अगाशी मिळाली तर सोडू नका. आपली विश्वामित्रीही त्याच डोंगरातून निघते. नदीच्या काठावर मात्र स्टँड लावून बसू नका. तिथे मगरी आहेत आणि ती जागा त्यांची आहे, पुलावरून टिपा.

अंगणात मधुमालती असेल तर तिचा एक झुबका तीन दिवस टिपा. संध्याकाळी पांढरं उमलतं, मग गुलाबी होतं, मग लाल. दर दहा मिनिटांनी एक फोटो, ४३२ फोटो, सतरा सेकंद. कॅमेऱ्यासमोर रंग चढताना पाहिल्यावर रस्त्यानं जाताना प्रत्येक झुबक्यात काल कोणतं उमललं आणि परवा कोणतं, हे ओळखू यायला लागतं. ब्रह्मकमळ असेल तर कळी फुगलेली दिसताच संध्याकाळी साडेसातला तयार राहा. अर्ध्या मिनिटाला एक फोटो, साडेअकरापर्यंत ४८० होतील. फूल सकाळपर्यंत मान टाकतं.

आणि एक सगळ्यांत लांबचं काम, ज्याला पेटी लागत नाही. ज्या झाडावरून आपल्या गावाचं नाव पडलं, त्या वडाची एक पारंबी निवडा. रोज एकाच जागी उभं राहून एक फोटो. आमच्या एका ग्राहक काकूंनी वटपौर्णिमेला हे सुरू केलं. आता त्या पूजेसाठी फांदी विकत आणत नाहीत, त्या झाडापाशीच जातात.

किंमत आणि दुरुस्ती

अंकुरपेटी ७५० रुपये, फिरता स्टँड ३०० रुपये. तुमचं लाकूड किंवा साडी असेल तर पेटीचे १०० रुपये कमी. मोडतोड झाली तर आम्ही बदलून देत नाही, दुरुस्त करून देतो, आणि त्याचे पैसे घेत नाही. फिल्म बिघडली असेल तर दर रविवारी सकाळी १० ते १२ फोन घेऊन या, एकत्र बसून पाहू. फिल्म जोडून देतो, पण तिच्यावर गाणं चढवून देत नाही. ते हवं तर तुम्ही घरी करा. आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा आवाज बंद करूनच पाहा.

थंडीच्या वाटाण्यासाठी पेटी हवी असेल तर दसऱ्यापर्यंत सांगून ठेवा. पावसाळ्यात आलेलं लाकूड वाळायला वेळ लागतो, आणि ओल्या लाकडाची पेटी दिव्याच्या उबेनं तडकते. दहा दिवस झाल्यावर रोप करवंटीसकट कुंडीत पुरा. करवंटी कुजायला फार वेळ घेईल, पण वात आधी कुजते आणि मुळं त्याच भोकातून खाली उतरतात.