मॅडम, पॉइंट राहिला का?

भाची बालरोग विभागात पहिल्या वर्षाची निवासी डॉक्टर आहे. गणपतीत घरी आली ती सलग चौतीस तासांची ड्युटी संपवून. मोदकावर तूप घालताना तिचा हात तसाच थांबला आणि तूप पानाबाहेर वाहायला लागलं. डोळे मात्र टक्क उघडे. हाक मारली तर म्हणाली, "अरे मामा, जागीच आहे मी." दाजी स्वतः जुने एमडी. ते हसले. "आम्हीही छत्तीस-छत्तीस तास उभे असायचो. होते सवय."

ही सवय मोजून झाली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला, २००३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. ४८ निरोगी तरुण माणसं घेतली. कुणाला १४ दिवस रोज आठ तास झोप, कुणाला सहा, कुणाला चार. आणि एका गटाला तीन दिवस अजिबात नाही. त्यांची एक साधीच चाचणी पुन्हा पुन्हा घेतली: पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. अर्ध्या सेकंदाहून उशीर झाला की ती चूक. सहा आणि चार तासवाल्यांच्या चुका दिवसागणिक वाढतच गेल्या, शेवटी चार तासवाले दोन रात्री पूर्ण जागलेल्यांच्या पंगतीला जाऊन बसले. पण "झोप येतेय का?" याचं त्यांचं उत्तर पहिल्या काही दिवसांनंतर फारसं बदललंच नाही. म्हणजे दाजी अगदीच चुकीचे नाहीत, सवय होते. ती पेंग न जाणवण्याची होते, काम नीट करण्याची नाही.

आता मला ज्याचं खरं वेड आहे तिकडे येतो. झोप ही दिव्याच्या बटणासारखी असते, अख्खा मेंदू एकतर चालू नाहीतर बंद, असं आपण धरून चालतो. गाढ झोपेत मेंदूच्या बाह्यपटलातल्या पेशी एकमेकींच्या तालात काही क्षण संदेश सोडतात आणि मग एकदम गप्प होतात. मेंदूच्या आलेखावर दिसणाऱ्या मोठ्या, संथ लहरी त्यातूनच येतात. जागेपणी असा ताल नसतो, प्रत्येक पेशी आपापल्या कामात असते. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या, त्यांना नवनव्या वस्तू देऊन झोपेच्या वेळी काही तास जागं ठेवलं आणि थेट पेशींचं बोलणं ऐकलं. २०११ मध्ये त्यांनी जे छापलं ते वाचून मी खुर्चीतून उठलो होतो. उंदीर हिंडतोय, डोळे उघडे आहेत, एकूण आलेख जाग्या प्राण्याचा आहे आणि तरी बाह्यपटलाच्या एखाद्या तुकड्यातल्या पेशी सेकंदाच्या एक-दशांशाच्या आसपास चक्क गप्प होतात. शेजारचा तुकडा जागाच! जागरण लांबलं तशी ही तुकड्या-तुकड्यातली डुलकी वाढली, आणि फटीतून साखरेची गोळी उचलण्याचं शिकवलेलं काम उंदरांना नीट जमेना.

माणसांत असं पाहायला डोकं उघडावं लागतं, त्यामुळे संधी क्वचित मिळते. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी ज्यांच्या मेंदूत आधीच इलेक्ट्रोड बसवले होते, अशा १२ रुग्णांवर २०१७ मध्ये अभ्यास झाला. जागरणानंतर चित्रं ओळखताना त्यांचं उत्तर जेव्हा रेंगाळलं, तेव्हा शंखखंडाच्या, म्हणजे कानशिलाजवळच्या मेंदूच्या, आतल्या भागातल्या पेशींचा प्रतिसाद क्षीण, उशिरा आणि लांबलेला होता. आणि त्याच जागी संथ लहरी उमटत होत्या.

कॉफीनं हे भागत नाही. जागेपणी साचणारं, झोप आणणारं ॲडेनोसिन हे रसायन पेशीच्या ज्या खाचेत बसतं ती खाच कॅफीन अडवून धरतं, साचलेलं ॲडेनोसिन तिथेच राहतं. बाकी 'आज कॅज्युअल्टी शांत आहे' म्हटलं की गर्दी उसळते, असं मानून 'शांत' हा शब्दच तोंडातून न काढणारे डॉक्टर मी पाहिलेत. तेच डॉक्टर तीस तास जागून औषधाचे डोस निर्धास्तपणे लिहितात.

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात २००४ मध्ये हे आयसीयूतच तपासलं. २४ तास किंवा त्याहून लांब पाळ्यांच्या वेळापत्रकात नवशिक्या डॉक्टरांकडून गंभीर चुका ३५.९ टक्के जास्त झाल्या, निदानातल्या गंभीर चुका तर ५.६ पट. मग पाळ्या छोट्या केल्या की झालं? मलाही तसंच वाटायचं. पण अमेरिकेतल्या सहा बाल-आयसीयूंच्या २०२० च्या अभ्यासात छोट्या पाळ्यांच्या काळात चुका वाढल्या! कारण एका डॉक्टरमागे रुग्ण सरासरी ६.७ वरून ८.८ वर गेले होते. हा वाढीव बोजा हिशेबात धरल्यावर तो फरक उरला नाही. तास कापले आणि माणसं तेवढीच ठेवली, तर थकवा फक्त खांदे बदलतो.

आपल्याकडे १९९२ च्या केंद्रीय निर्देशात निवासी डॉक्टरांसाठी सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तासांची शिफारस केली. भाचीला ७४ हा आकडा ऐकून हसू आलं.

तिनंच मग सांगितलं. पहाटे चारला एका तान्ह्या बाळाच्या केसपेपरवर ०.५ मिली लिहायचं होतं, लिहिलं ५. सिस्टर औषध भरायला गेल्या, थांबल्या, परत आल्या. "मॅडम, पॉइंट राहिला का?"

"तुला लिहिताना झोप येत होती?" मी विचारलं.

"नाही रे. एकदम फ्रेश वाटत होतं."

"आणि त्या सिस्टरांकडे किती पेशंट होते?"

"त्या रात्री? दोन्ही वॉर्डांना मिळून त्या एकट्याच होत्या."