शंभर पौंडांच्या आतला कॉम्प्युटर

झेडएक्स80 या कॉम्प्युटरची मेमरी एक किलोबाइट होती. हा लेखसुद्धा तिच्यात मावला नसता. ब्रिटिश उद्योजक क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी तो 1980 साली केंब्रिजमधून बाजारात आणला. तयार घेतला तर 99.95 पौंड, सुटे भाग आणून घरी सोल्डरिंग केलं तर 79.95. प्रोग्रॅम साठवायला साधी ऑडिओ कॅसेट आणि पडदा म्हणून घरातलाच टीव्ही.

टीव्हीवर चित्र उमटवायला एरवी वेगळी सर्किट लागतात. तो खर्च वाचवण्यासाठी हे काम बरंचसं प्रोसेसरच्याच, म्हणजे गणितं करणाऱ्या मुख्य चिपच्याच, गळ्यात घातलं. मग व्हायचं असं, की कळ दाबली की प्रोसेसर तिकडे वळायचा आणि पडदा लुकलुकायचा. लांबलचक गणित आलं तर पडदा पार कोरा. पुढच्या वर्षीच्या झेडएक्स81 मध्ये याच्यावर फार सुरेख तोडगा निघाला. चित्राच्या वर आणि खाली पडद्यावर रिकामी पट्टी असते. ती रंगत असताना प्रोसेसरला हात मोकळे, तेवढ्यात त्याने गणित उरकायचं. वेग जेमतेम चौथाई उरला, पण चित्र स्थिर राहिलं. वीसएक चिपांच्या जागी चार आल्या आणि किंमत 69.95 पौंडांवर उतरली. काटकसरीतली अशी हुशारी मला वेगापेक्षा मोलाची वाटते.

सिंक्लेअर यांचे जुने सहकारी ख्रिस करी यांनी हर्मन हाउझर यांच्याबरोबर एकॉर्न कंपनी काढली होती, तीही केंब्रिजमध्येच. 1981 साली बीबीसीला लोकांना कॉम्प्युटर शिकवायला यंत्र हवं होतं. ते काम एकॉर्नला मिळवायचं होतं. हाउझर यांनी आपल्याकडच्या इंजिनिअर सोफी विल्सनना सांगितलं, ‘नमुना आठवड्यात होईल असं स्टीव्ह फर्बर म्हणतोय.’ आणि त्यांच्या जोडीच्या इंजिनिअर फर्बरना सांगितलं, ‘होईल असं विल्सन म्हणतेय.’ बीबीसीची माणसं यायच्या काही तास आधी नमुना सुरू झाला! हाच कॉम्प्युटर, बीबीसी मायक्रो, पुढे शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याच्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पातून भारतातल्या शाळांतही आला.

विल्सन आणि फर्बर यांनी नंतर स्वतःचा प्रोसेसर आखला, एआरएम. आपल्या मोबाइलमधले प्रोसेसर त्याच घराण्यातले. तो महाग सिरॅमिकऐवजी स्वस्त प्लास्टिकच्या वेष्टनात बसवायचा होता, म्हणजे तो तापून चालणार नव्हतं. म्हणून वीज एका वॅटच्या आत ठेवायची ठरलं. 1985 च्या एप्रिलमध्ये चिप हातात आली, बोर्डावर बसवली, चालली. किती वीज खाते ते बघायला फर्बर यांनी मीटर लावला, तर शून्य. शोधल्यावर कळलं, चिपला मुख्य वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. शेजारच्या चिपांकडून संदेशांच्या तारांमधून जी वीज झिरपत होती, तेवढ्यावरच ती चालली होती.