गाठ साधी, पण कोणत्या जातीची?

'गाठ साधी आहे, कॅन्सरची नाही,' एवढं ऐकलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. यकृताच्या गाठीबाबत मात्र लगेच पुढचं विचारायला हवं: साधी म्हणजे कोणती? फोकल नोड्युलर हायपरप्लेशिया, म्हणजे एफएनएच असेल, तर बहुतेकदा काहीच करावं लागत नाही. हेपॅटोसेल्युलर ॲडिनोमा असेल तर तो फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि काही ॲडिनोमा पुढे कॅन्सरकडे वळतात. हा मुख्यतः बायकांमध्ये, विशेषतः बरीच वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्ये आढळतो.

एमआरआयवर बऱ्याच गाठी ओळखू येतात. शंका उरली तर सुईने तुकडा काढतात, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप स्लाइडवर घेतात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ॲडिनोमाच्या पेशी निरोगी यकृतपेशींसारख्याच दिसतात, खरी अडचण तीच. म्हणून इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. ठरावीक प्रथिनालाच चिकटणारी अँटिबॉडी कापावर सोडायची. प्रथिन असेल तिथे तपकिरी रंग उमटतो.

यातला मला सर्वांत देखणा वाटतो तो ग्लुटामिन सिंथेटेजचा रंग. हे एन्झाइम अमोनियापासून ग्लुटामिन बनवतं. निरोगी यकृतात ते फक्त मध्यशिरेला लागून असलेल्या पेशींच्या एक-दोन थरांत असतं, त्यामुळे स्लाइडवर शिरेभोवती बारीक तपकिरी कडं दिसतं. एफएनएचमध्ये ही कडी पसरून एकमेकांना जोडली जातात आणि नकाशावरच्या भूभागांसारखे रुंद पट्टे उमटतात. पण अख्खी गाठच एकसारखी गडद तपकिरी झाली, तर सावध व्हायचं. या एन्झाइमचं जनुक बीटा-कॅटेनिन या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या हुकमतीत असतं. बिघडलेलं बीटा-कॅटेनिन सतत काम करत राहिलं की एन्झाइमही सगळीकडे बनत राहतं, आणि ॲडिनोमाच्या जातींपैकी कॅन्सरचा धोका याच जातीत सर्वाधिक. केंद्रकात साचलेलं बीटा-कॅटेनिन थेटही रंगवता येतं, पण कधी कधी ते मोजक्याच पेशींत सापडतं. नेमक्या त्या पेशी सुईत आल्या नाहीत, तर धोका नजरेतून सुटतो. म्हणून दोन्ही रंग सोबत पाहतात.

ॲडिनोमाच्या जनुकांमधले बिघाड फ्रान्समध्ये जेसिका झुकमन-रॉसी यांच्या गटाने उलगडले, आणि बोर्डोच्या पॉलेट बिउलाक-साज व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते रंगांनी ओळखण्याची रीत घालून दिली. जनुकतपासणीची सोय नसलेल्या लॅबलाही त्यामुळे जात ठरवता येऊ लागली, हे त्या कामाचं मोल.

एचएनएफ-१ए जनुक निकामी झालेल्या ॲडिनोमात रंग न येणं हीच खूण. निरोगी यकृतपेशी एलएफएबीपी नावाचं प्रथिन बनवतात. ही गाठ बनवत नाही. आजूबाजूचं यकृत तपकिरी, गाठ कोरी. म्हणूनच सुईत शेजारच्या निरोगी यकृताचाही तुकडा यावा लागतो. नाहीतर प्रथिनच नाही की रंगवण्याची प्रक्रियाच फसली, हे कळायला मार्ग उरत नाही. या गाठींत चरबी भरपूर असते, कॅन्सरचा धोका कमी.

दाहजन्य ॲडिनोमा सीआरपीच्या रंगाने ओळखतात. कोविडच्या काळात रक्ताच्या रिपोर्टवर सगळ्यांनी वाचलेलं हेच ते सीआरपी. दाह झाला की वाढणारं हे प्रथिन यकृतातच बनतं. अशा बऱ्याच गाठींत जीपी-१३० नावाच्या ग्राहक-प्रथिनात बिघाड असतो, आणि बाहेरून दाहाचा संदेश न येताही पेशी सीआरपी बनवत सुटतात. लठ्ठपणा आणि मद्यपानाशी या जातीचा संबंध दिसतो. मात्र सीआरपीचा रंग आला म्हणून तपासणी तिथेच थांबवणं धोक्याचं आहे, कारण काही दाहजन्य गाठींत बीटा-कॅटेनिनही बिघडलेलं असतं.

युरोपच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, बाईचा ॲडिनोमा असेल तर गर्भनिरोधक गोळ्या बंद करून, वजन कमी करून सहा महिन्यांनी पुन्हा एमआरआय करतात. गाठ ५ सेंटीमीटर किंवा मोठी राहिली, अथवा वाढत गेली, तर शस्त्रक्रिया सुचवतात. पुरुषात मात्र आकार कितीही असो, गाठ काढायला सांगतात. बीटा-कॅटेनिनचा बिघाड सिद्ध झाला तर बाईतही ५ सेंटीमीटरची वाट पाहत नाहीत.