रिकॉल : किरकोळ दुकानातील संपर्कव्यवहार

सदोष किंवा घातक ठरलेला माल उत्पादकाने परत मागवल्यावर त्याची सूचना ग्राहकापर्यंत आणि न खपलेल्या मालाचा हिशेब वितरकामार्फत उत्पादकापर्यंत पोचवण्याची दुकानदाराची पद्धत.

भारतात या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याबद्दल एकमत नाही. पुष्कळजण 2015 च्या मॅगी प्रकरणाकडे बोट दाखवतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 5 जून रोजी नूडल्स मागे घेण्याचा आदेश दिला. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, पण तोवर दुकाने रिकामी झाली होती. औषधव्यवहाराचे अभ्यासक 1986 पर्यंत मागे जातात : जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले व न्या. लेंटिन आयोग नेमला गेला. दुकानदार आणि पुरवठादार यांच्यातील दुव्यापुरते बोलायचे तर 1954 च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालील लेखी हमी (नियम 12-अ, नमुना 6-अ) हे मूळ अधिक पटण्याजोगे आहे. माल कोणाकडून आला हे दाखवता आले तरच दुकानदाराला बचाव मिळे. बिले जपण्याची सवय बहुधा त्यातूनच रुजली. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 26 मध्ये बिललाच हमी मानले आहे. माल मागे घेण्याची जबाबदारी कलम 28 मध्ये असून कार्यपद्धती 2017 च्या विनियमांत येते. निव्वळ किरकोळ विक्रेत्याला स्वतःची रिकॉल योजना ठेवण्याची मात्र सक्ती नाही.

मुंबईत ही साखळी तुटते ती बॅच क्रमांकापाशी, म्हणजे एका खेपेत तयार झालेल्या मालावर छापलेल्या क्रमांकापाशी. औषध दुकानाच्या बिलावर बॅच लिहावीच लागते, त्यामुळे केमिस्टला जुन्या नोंदींवरून रुग्ण शोधता येतो. मशीद बंदरच्या किंवा वाशीच्या घाऊक बाजारातून आलेल्या किराणा मालाच्या बिलावर वजन, नग आणि दर असतात, बॅच क्वचितच. म्हणून वितरकाच्या सेल्समनने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘अमुक माल थांबवा’ एवढाच निरोप टाकला तर तो निरुपयोगी ठरतो. नाव, पाकिटाचे वजन, बॅच, उत्पादनाची तारीख, कारण आणि माल कोण, केव्हा उचलणार, इतके लेखी मागून घ्यावे. बॅच पाकिटावर पाहावी, केवळ खोक्यावर विसंबू नये, कारण उरलेसुरले नग एकाच खोक्यात भरलेले असतात. पिशवीच्या चुरगळलेल्या सीलवर शाईने उठवलेला 8 हा बी अक्षरासारखा आणि शून्य ओ सारखा दिसतो, म्हणून फोनवर क्रमांक सांगण्याऐवजी पाकिटाचा फोटो पाठवणे बरे. पाकीट फोडून माल बरणीत ओतला असेल तर ओळख संपली. ती बरणी सबंध बाजूला काढावी.

माल आधी फळीवरून उतरवून ‘विक्रीस नाही’ अशी चिठ्ठी लावून वेगळा ठेवतात आणि मगच मोजतात. क्रम उलटला की मोजणी चालू असतानाच पोऱ्या दोन पाकिटे विकून मोकळा होतो. परत देताना चलनावर (माल सोपवल्याच्या कागदावर) बॅचवार नग लिहून सही घ्यावी. क्रेडिट नोट, म्हणजे परत केलेल्या मालाची रक्कम जमा धरल्याची लेखी नोंद, त्याच चलनाच्या आधारे मिळते. नुसत्या ‘पुढच्या बिलात वळते करू’ या शब्दावर अनेक दुकानदार बुडाले आहेत. माल दुकानातच नष्ट केला तर त्याच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची घेतलेली वजावट (क्रेडिट) उलटवावी लागते.

ग्राहकासाठी गल्ल्याजवळ मोठ्या अक्षरांत मराठी-हिंदी फलक लावतात : कोणते पाकीट, कोणती बॅच, ‘खाऊ नका’, परत कोठे द्यायचे, बिल नसल्यास पैसे मिळतील का. शेवटचा मुद्दा गाळल्यास अर्धे लोक येतच नाहीत. ‘किरकोळ तांत्रिक कारणास्तव’ ही भाषा घातक, कारण ते वाचून माणूस पाकीट संपवून टाकतो. सुपरमार्केटकडे सदस्य ग्राहकांचे फोन नंबर असतात, वाण्याकडे उधारीची वही आणि घरपोच मालाचे पत्ते. इमारतीत पाच घरी फोन केला तर निरोप मजलाभर फिरतो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 86 नुसार, उत्पादकाची धोक्याची सूचना विक्रीच्या वेळी न दिल्याने इजा झाली तर विक्रेताही भरपाई देण्यास जबाबदार ठरू शकतो.

खेळणी आणि विजेची उपकरणे यांबाबत भारतीय मानक ब्यूरो कायदा, 2016 अन्वये परवानाधारकाला माल मागे घ्यायला लावता येते.