कंबर दुखते म्हणून पडून राहू नका

तासगाव-पलूसच्या द्राक्षबागांत हात वर करून विरळणी करणाऱ्या बायका असोत की ऊसतोडीवाले, जुन्या दुखण्यावर सल्ला एकच मिळतो: "हलू नका, झीज वाढेल." हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यानं माणसं खरोखर अधू होतात.

३ महिन्यांहून जास्त टिकलेलं दुखणं म्हणजे दर वेळी नवी इजा नव्हे. बरेचदा मूळ इजा भरून आलेली असते, पण मज्जासंस्था हळवी झालेली असते. साध्या हालचालीलाही ती धोक्याची सूचना देते. पडून राहिलं की स्नायू अशक्त होतात, सांधे आखडतात आणि दुखणं वाढतं.

दुसरा गैरसमज म्हणजे फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मशीन. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड (ध्वनिलहरींचा उपचार) आणि टेन्स मशीन (त्वचेवरून सौम्य वीज देणारं) देऊ नये असंच म्हटलंय. मिरजेला जा की साताऱ्याला, पहिल्या दिवशी थेरपिस्टनं तुमचं काम, झोप, भीती विचारायला हवी, वाकवून-चालवून बघायला हवं. खरा उपचार घरी रोज करायचा व्यायामच. सुरुवातीला थोडं जास्त दुखेल. दुसऱ्या दिवसापर्यंत ते निवळलं तर चालू ठेवा, नाहीतर व्यायाम कमी करून घ्या. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळी कामं उरकू नका. फरक पडायला काही आठवडे लागतात.

मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली, तर व्यायाम नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठा.